डोंगराच्या पोटातली कोळ्यांची गुहा

नॉर्वेच्या उत्तरेकडे, आर्क्टिक वृत्ताच्या जरा अलीकडे, मू इ राना नावाचं पोलादाचं गाव आहे. तिथल्या डोंगराच्या पोटात नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची कोठारं आहेत. पुस्तकं, वर्तमानपत्रं, ध्वनिमुद्रणं, चित्रपट असं जे जे देशात निघालं किंवा बाहेरून देशात येऊन पडलं, ते तिथे थंड, कोरड्या हवेत ठेवलेलं असतं. २०११ मध्ये या कोठारांतली जुनी रिळं तपासताना एक मूकपट पुढे आला. नॉर्वेत तो ‘एडरकोपेने’ या नावाने लागला होता. एडरकोपेने म्हणजे कोळी, आणि तेही पुष्कळ. (आपल्याकडे कोळी म्हटलं की जाळं टाकणारा की जाळं विणणारा हे सांगावं लागतं. हे विणणारे.)

पडद्यावरच्या पाट्या दोन भाषांत होत्या, नॉर्वेजियन आणि चिनी. चित्रपट होता ‘पान सी दुंग’, म्हणजे रेशमी जाळ्यांची गुहा. शांघाय, १९२७, दिग्दर्शक दान दूयू. चीनच्या चित्रपट-इतिहासात त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण चित्रपट कोणी पाहिलेला नव्हता. जाहिराती, काही छायाचित्रं, त्या काळच्या मासिकांतले मजकूर, एवढ्यावरच अभ्यासक त्याच्याबद्दल लिहीत आले होते.

असं काही सापडलं की बातमीत ‘चमत्कार’ हा शब्द ठरलेला. मला या प्रकरणात चमत्कार फारसा दिसत नाही. चित्रपट टिकला त्याला कारणं आहेत, आणि ती कारणं थोडी लाजिरवाणी आहेत. ज्यांचं त्याच्यावर प्रेम होतं त्यांच्या हातून तो गेला. ज्यांना त्याचं काही पडलेलं नव्हतं त्यांच्या फळीवर तो राहिला.

हाणामारी, भुतंखेतं आणि एक शांघायी चित्रकार

आधी एक शंका मिटवू. हा मार्शल आर्ट्सचा चित्रपट म्हणायचा का? आज आपण ज्याला कुंग-फूपट म्हणतो तसा तो नाही. पण १९२० च्या दशकातल्या शांघायमध्ये दोन प्रकार हातात हात घालून चालत. एक ‘वुशिया’, तलवारबहाद्दर वीरांच्या कथा. दुसरा ‘शेनग्वाय’, देव-राक्षस-मायावी प्राण्यांच्या कथा. वीर हवेत उडत, तळहातातून वीज सोडत. राक्षसही तेच करत. प्रेक्षकाला या दोहोंत फरक करायची गरज वाटत नव्हती, आणि पुढे सरकारने बंदी घातली तेव्हा सरकारनेही तो केला नाही. दोन्ही एकाच दोरीने बांधले. ‘पान सी दुंग’ या लाटेच्या अगदी तोंडाशी आला. लाट खरी उसळली ती पुढच्या वर्षी, ‘लाल कमळ मंदिराचं दहन’ या मिंगशिंग कंपनीच्या चित्रपटाने. त्याचे तीन-चार वर्षांत सोळा-अठरा भाग निघाले. आज त्यातला एकही भाग उपलब्ध नाही.

दान दूयू मूळचा चित्रकार. सुंदर स्त्रियांची चित्रं ही त्याची खासियत. जुना कॅमेरा विकत घेतला, स्वतःच उघडून, जोडून शिकला आणि १९२० मध्ये स्वतःची चित्रसंस्था काढली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिकडेही कुंचला आधी, कॅमेरा नंतर, तोही स्वतः घडवलेला, आणि काळही तोच. बाबूरावांचा ‘सैरंध्री’ १९२० चा, ‘सिंहगड’ १९२३ चा. तानाजीचा तो मूकपट आज पाहता येत असता तर तलवारबाजीच्या चित्रपटांबद्दल आपल्यालाही सांगण्यासारखं बरंच असतं.

दानची नायिका यिन मिंगझू. शाळकरी वयातच शांघायमध्ये तिच्या पाश्चात्त्य पोशाखाची चर्चा होती. ‘फॉरेन फॅशन’ची आद्याक्षरं घेऊन लोक तिला ‘मिस एफ एफ’ म्हणत. दानच्या ‘समुद्राची शपथ’ या चित्रपटात ती आली तेव्हा पडद्यावर चिनी बाईने काम करणं हीच बातमी होती. १९२६ मध्ये दोघांनी लग्न केलं. पुढच्या वर्षीच्या चिनी नववर्षाला ‘पान सी दुंग’ लागला. त्यात ती कोळीणींची राणी.

गोष्ट आपल्या ओळखीच्या माणसाची

मराठी वाचकाला इथे एक धक्का बसायला हवा. चित्रपटात कोळीणींच्या गुहेत एक भिक्षू अडकतो, आणि तो परका नाही. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात पाठीवर पोथ्यांचं ओझं घेतलेल्या चित्रातून आपल्याला भेटलेला ह्युएन त्संग तो हाच. सातव्या शतकात तो चीनमधून भारतात आला, नालंदेत शिकला आणि ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रातून गेला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातल्या लोकांचं त्याने केलेलं वर्णन प्रसिद्ध आहे. हे लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला सांगून मग भाला उचलतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा देत नाहीत, बायकांचे कपडे देतात, म्हणजे तो आपणच जीव देतो. लढाईआधी योद्धे दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. पुलकेशीच्या दरबारात हे वाचून दाखवलं असतं तर कौतुक मानलं असतं की अपमान, सांगवत नाही.

त्या खऱ्या प्रवासावर पुढे नऊशे वर्षं गोष्टींची पुटं चढली आणि सोळाव्या शतकात ‘पश्चिमेची यात्रा’ ही मोठी कादंबरी तयार झाली. तिथे भिक्षूच्या दिमतीला एक बंडखोर वानर आहे, सुन वुकुंग. हातात सोन्याच्या कड्यांचा सोटा, बहात्तर रूपं घेण्याची विद्या. तो आपल्या हनुमानावरून आला की नाही यावर चिनी विद्वानांत शंभर वर्षं वाद चालू आहे. दुसरा चेला डुकराच्या तोंडाचा, खादाड आणि बाईवेडा.

कोळीणींचा प्रसंग कादंबरीच्या बहात्तराव्या-त्र्याहत्तराव्या अध्यायात येतो. एरवी भिक्षा आणायला चेले जातात. त्या दिवशी घर जवळ दिसतं म्हणून भिक्षू म्हणतो, आज मीच जातो. घरासमोर चार बायका भरतकाम करत बसल्यात, तिघी पायाने चेंडू उडवत खेळतायत. त्या त्याला आदराने आत नेतात आणि ताट वाढतात. ताटात माणसाचं मांस तळलेलं, मेंदू टोफूसारखा कापलेला. शाकाहारी भिक्षू हात आखडतो आणि निघायला बघतो, तेव्हा त्या त्याला छताला टांगतात. मग सातही जणी पोट उघडतात आणि बेंबीतून अंड्याएवढ्या जाडीचे रेशमी दोर सोडत सारं घर झाकून टाकतात.

पुढे त्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला जातात. वुकुंग ससाणा होऊन काठावरचे सगळे कपडे उचलून नेतो. आपल्याला लगेच यमुनेकाठचा कदंब दिसतो, पण वुकुंगाला त्यात काडीचा रस नाही. अंगावर कपडे नसलेल्या बायकांशी लढणं त्याला कमीपणाचं वाटतं, म्हणून तो त्यांना पाण्यात अडकवून ठेवतो, एवढंच. रस असतो डुक्करबुवांना. ते थेट पाण्यात उतरतात, मासा होतात आणि त्यांच्या पायांमधून सुळसुळत राहतात.

चित्रकार दानने या अध्यायात काय पाहिलं हे ओळखायला फार डोकं लागत नाही. आंघोळीचं दृश्य त्याने घेतलं आणि ते गाजलं. धर्म, चेष्टा, मारामारी आणि उघडं अंग एका तिकिटात. चित्रपट तुफान चालला. १९३० मध्ये त्याने याच गोष्टीचा पुढचा भागही काढला.

गेला कसा

हरवण्याची कारणं एकावर एक साचली.

पहिलं कारण प्रतिष्ठेचं. वुशिया-शेनग्वायपटांना सुशिक्षितांनी कधी आपलं म्हटलं नाही. लेखक माओ दुन याने १९३३ मध्ये ‘लाल कमळ’ पाहणाऱ्या प्रेक्षकांचं वर्णन केलं आहे: पडद्यावर वीर लढू लागले की थिएटरात आरडाओरडा, टाळ्या, जणू समोर खरीच लढाई चालली आहे. त्याला ही सरंजामी नशा वाटत होती. सरकारलाही ही अंधश्रद्धा नको होती. १९३१ मध्ये राष्ट्रीय चित्रपट तपासणी समिती स्थापन झाली आणि अशा चित्रपटांवर बंदीचा धडाका लागला. बंदी आलेल्या चित्रपटाच्या प्रती जपून कोण ठेवणार?

दुसरं कारण युद्ध. २८ जानेवारी १९३२ ला जपान्यांनी शांघायवर हल्ला केला. झाबेई भागावर बॉम्ब पडले, आगी लागल्या. कित्येक चित्रसंस्थांचे स्टुडिओ आणि गोदामं याच भागात होती. त्यानंतर १९३७ चं मोठं युद्ध, मग यादवी.

तिसरं कारण खुद्द रिळात होतं. तेव्हाची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची, म्हणजे तोफेच्या दारूची धाकटी बहीण. ती पेटली की जळण्यासाठी लागणारा प्राणवायू स्वतःतूनच काढते, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी जळत राहते. पेटली नाही तर सडते. सडका डबा उघडला की आधी वास नाकात शिरतो, उग्र, नाक चुरचुरवणारा. मग दिसतं की चित्रं पिवळट पडली आहेत, वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत, वर काकवीसारखा चिकट थर आहे. आणखी उशीर झाला तर डब्यात निव्वळ तपकिरी पूड. नायट्रेट म्हणजे काय हे पुणेकरांना सांगायला नको. २००३ च्या जानेवारीत जुन्या प्रभातच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या, त्याआधीच्या काळच्या मूळ प्रतींची राख झाली. आणि जी फिल्म जळत नाही, सडत नाही, तिच्यात चांदी असते. खेळ संपले की रिळं गाळून चांदी काढणं हा जगभर चालणारा धंदा होता. जो चित्रपट खूप चालला त्याच्या प्रती खूप झिजल्या आणि शेवटी भट्टीत गेल्या. लोकप्रियतेने चित्रपट वाचत नाही.

१८ जानेवारी १९२९, ऑस्लो

या तारखेला ऑस्लोच्या कोलोसियम चित्रगृहात ‘एडरकोपेने’ लागला. नॉर्वेत दाखवलेला हा पहिला चिनी चित्रपट. कोलोसियम तेव्हा नवंकोरं होतं, आदल्याच वर्षी उघडलेलं, डोक्यावर भलामोठा घुमट. बाहेर जानेवारीतलं ऑस्लो, आत शांघायच्या कोळीणी आंघोळ करतायत. तिकीट काढणाऱ्याला ह्युएन त्संग कोण, वानर कुठून आलं, यातलं काय कळलं असेल? नॉर्वेजियन पाटी जेवढं सांगेल तेवढंच.

माझ्या मते सगळं प्रकरण या एका खेळाभोवती फिरतं. चित्रपटाची प्रत मोठ्या शहरातून छोट्या शहरात, मग त्याहून लांबच्या गावात जात जाते. कुठेतरी वाट संपते. तिथून ती परत पाठवायची तर भाडं प्रतीच्या किमतीपेक्षा जास्त पडतं. मालक म्हणतो, राहू दे. मग ती फळीवर राहते, आणि हवा थंड असेल तर तग धरते. १९७८ मध्ये कॅनडातल्या डॉसन सिटीत जमीन खणताना शेकडो मूकपटांची रिळं निघाली. तेही वितरणाच्या वाटेचं शेवटचं टोक, आणि तिथली जमीन वर्षभर गोठलेली. जर्मनीचा ‘मेट्रोपोलिस’ जवळजवळ पूर्ण लांबीत सापडला तो २००८ मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये. चीनचंच दुसरं उदाहरण घ्या. होउ याओचा १९२७ चा ‘पश्चिम दालनाची कथा’ १९२८ मध्ये पॅरिसच्या स्टुडिओ २८ मध्ये दाखवला गेला, म्हणून त्याचा बराचसा भाग आज पाहता येतो. त्यातही स्वप्नातली एक लढाई आहे, नायक भल्यामोठ्या कुंचल्यावर स्वार होऊन लढतो. चीनच्या पहिल्या दशकांतले मूकपट चीनबाहेर शोधावे लागतात ते याचमुळे. नॉर्वेला कोळीणींची काही पडली नव्हती, म्हणून त्या वाचल्या. अर्थात नुसतं दुर्लक्ष पुरत नाही. दुर्लक्षित वस्तूही रांगेत ठेवणारं, हवेचं तापमान सांभाळणारं आणि ऐंशी वर्षांनी का होईना डबा उघडून बघणारं ग्रंथालयही लागतं.

सापडलं ते नेमकं काय

प्रत पूर्ण नाही. सुरुवातीचा भाग गेला आहे, आणखीही तुकडे नाहीत. जे आहे ते साधारण तासाभराचं. ग्रंथालयाने त्याचं जतनकाम केलं, ऑक्टोबर २०१३ मध्ये ऑस्लोच्या ‘दक्षिणेकडचे चित्रपट’ महोत्सवात चित्रपट पुन्हा पडद्यावर आला आणि एप्रिल २०१४ मध्ये जतन केलेली प्रत बीजिंगच्या चीन चित्रपट संग्रहालयाला भेट दिली गेली. सोपस्कार झाले, भाषणं झाली. त्यात फार रमण्यासारखं नाही.

रमण्यासारखा आहे तो नावाचा प्रश्न. शांघायच्या अभ्यासकाने उभ्या जगातल्या सूच्यांत ‘पान सी दुंग’ शोधलं असतं तरी ‘एडरकोपेने’ त्याच्या हाती लागला नसता. ऑस्लोच्या सूचीकाराला ‘एडरकोपेने’ माहीत असून तो कशाची प्रत आहे हे कळायला चिनी पाट्या वाचणारं कोणीतरी शेजारी बसायला हवं. दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी माहिती. हरवलेले चित्रपट पुष्कळदा असेच हरवलेले असतात. डबा जागेवर असतो, नाव दुसरं असतं. ‘लाल कमळ’ शोधणाऱ्याने चिनी नाव घेऊन फिरू नये असं मला वाटतं. ते भाग चीनबाहेर जिथे जिथे गेले, तिथल्या वर्तमानपत्रांतल्या थिएटरांच्या जाहिराती आधी चाळाव्यात. तारीख, चित्रगृह, स्थानिक नाव. कोठाराकडे नंतर वळावं.

दुसरा प्रश्न जरा नाजूक आहे. परत आला तो शांघायचा चित्रपट की ऑस्लोचा? १९२७ च्या नववर्षाला शांघायकरांनी जे पाहिलं ते या रिळांत जसंच्या तसं नाही. पाट्यांत नॉर्वेजियन शिरली आहे, आणि त्या भाषेतली वाक्यं १९२९ च्या नॉर्वेजियन प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत. जतन करताना ती काढून ‘मूळ’ चिनी रूप उभं करावं असं कोणाला वाटू शकतं. मी ते करू देणार नाही. ही प्रत हा एका खेळाचा पुरावा आहे, आणि तो खेळ ऑस्लोत झाला. नॉर्वेजियन पाट्या पुसल्या तर हातात शांघाय येणार नाही, ऑस्लो मात्र जाईल.

आणि इतिहासकारांचं काय झालं? कागदावरून ‘पान सी दुंग’ म्हणजे उघड्या अंगाचा सनसनाटी माल, एवढंच कळत होतं, कारण जाहिराती तेवढंच ओरडून सांगत. पडद्यावर बघितल्यावर लक्ष जातं ते राणीकडे. चित्रपटात तिला भिक्षूशी लग्न लावायचं आहे, आणि सगळी घालमेल तिची आहे. वानर, डुक्कर, सोटे, मारामारी तिच्या भोवती फिरतात. मिस एफ एफचा चित्रपट आहे तो, भिक्षूचा नाही. शांघायच्या वुशियापटांत पुढे तलवारधारी बायकांची रांग लागली. १९२९ चा ‘लाल वीरांगना’ हा आज जवळजवळ पूर्ण बघायला मिळणारा सगळ्यात जुना वुशियापट, आणि त्याची नायिकाही बाईच, फान श्वेपंग. ती रांग कुठून सुरू होते हे शोधताना यापुढे कोळीणींच्या गुहेतूनच जावं लागेल.

दान आणि यिन पुढे हाँगकाँगला स्थायिक झाले. त्यांची मुलगी जुडी दान १९५२ मध्ये मिस हाँगकाँग झाली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात भरलेल्या पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत पहिल्या पाचांत आली. त्या मंचावर भारताकडून नृत्यांगना इंद्राणी रहमान होत्या. दान १९७२ मध्ये वारला, यिन १९८९ मध्ये. तोवर त्यांच्या कोळीणी साठ वर्षं नॉर्वेतच होत्या, दुसऱ्या नावाने.